केशवचा विम्याचा फारम

दिवाळीनंतर आठवडाभरात उमरेडहून एक पोस्टकार्ड आलं. ‘केशवराव गेले. मंगळवारी. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. अनसूया.’ दोनदा वाचलं आणि बायकोला विचारलं, आपल्या ओळखीत हा केशव कोण? चहा अर्धा झाला तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. महादेव गेला होता. माझा वीसबावीस वर्षांचा दोस्त. आणि त्याचं खरं नाव वाचून मला तो ओळखू आला नाही... त्याची लाज तेव्हाही वाटली, आजही वाटते.

मी नागपूरच्या एका कापड गिरणीत टाइम ऑफिसचा कारकून. महादेव हा खरा त्याचा मोठा भाऊ. तो साचाखात्यात, म्हणजे मागांवर, पक्का झाला, बायकोचं नाव घालून विम्याचं कार्ड काढलं आणि दोन महिन्यांत गावी तापानं गेला. घरात म्हातारे आईबाप, विधवा वहिनी. मग त्या काळी पुष्कळ घरांत होत असे तेच झालं. धाकट्या केशवनं भावाचं गिरणीच्या हजेरीचं तिकीट खिशात घातलं आणि सोमवारी साच्यावर येऊन उभा राहिला. चेहरेपट्टी सारखी, हात कोष्ट्याचा, विणकामात मुरलेला. खात्याच्या मुकादमानं, जॉबरनं, काणाडोळा केला. हजेरीच्या वेळी मला फरक कळला. मीही मान खाली घालून हजेरीपत्रकावर खूण केली आणि त्या दिवसापासून तो माझ्यासाठी महादेवच झाला.

गंमत बघा, कामगार विमा म्हणजे काय हे अख्ख्या खात्याला याच माणसानं समजावलं. पगारातून विम्याचे थोडे पैसे कापले जात आणि लोक चिडत. आजारी पडलो नाही तर पैसे बुडाले, अशी समजूत. काही बहाद्दर तर धडधाकट असताना विम्याच्या दवाखान्यात रिकामी बाटली घेऊन जात, लाल औषध भरून आणत आणि वसुली म्हणून ते घटाघटा पीत! महादेव जेवणाच्या सुट्टीत गेटाबाहेरच्या निंबाखाली बसून सांगे, की बाबांनो, साच्यावर एक तार तुटला तरी बाजूचे तार कापड धरून ठेवतात, तसं आहे हे. आज तू धड आहेस तर तुझ्या पैशातून पडलेल्याला औषध आणि अर्धा पगार, उद्या तू पडलास तर त्याच्या पैशातून तुला. सर्टिफिकेट कुठं द्यायचं, मशीनवर बोट गेलं तर आधी कोणाला कळवायचं, कोणता फारम कोणत्या खिडकीवर... सगळं पाठ. मी कारकून असून त्यालाच विचारायचो.

फक्त त्याच्या स्वतःच्या कार्डावर कुटुंबाच्या रकान्यात नाव होतं ते वहिनीचं. त्याचं लग्न पुढं अनसूयाबाईंशी झालं. चौथी शिकलेल्या, बोलायला कमी, पण बाई मोठी ताठ. एका वर्षी त्यांच्या पोटात सारखं दुखू लागलं. महादेवनं सुचवलं, वहिनीच्या नावानं विम्याच्या दवाखान्यात जाऊन ये, कोण विचारतं? त्या म्हणाल्या, “मी तुमची बायको आहे. दुसऱ्याची बायको होऊन औषध नाही पिणार.” आणि माहेरी उमरेडला निघून गेल्या. माझं नाव लागेल त्या दिवशी येईन, एवढंच सांगून.

दुसऱ्या दिवशी महादेव माझ्या टेबलाशी आला. हातात फारम, स्वतःच्या अक्षरात भरलेला. विमेदाराचं नाव केशव. पत्नी अनसूया. म्हणाला, “बाबूजी, हे वर पाठवून द्या. जे होईल ते होईल.” मी पाठवतो म्हटलं... आणि टेबलाच्या खणात हजेरीपत्रकांखाली सरकवून दिला. त्याची नोकरी जाईल, हे खरंच होतं. पण त्याहून खरं हे, की खोट्या हजेरीवर खूण माझी होती. काही महिने तो विचारत राहिला, “काही आलं का?” मी म्हणायचो, सरकारी काम आहे गा, वेळ लागतो. मग त्यानं विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरला. सुटलो म्हणा!

त्यानंतरची वर्षं तो खोलीत एकटा राहिला. सुट्टीच्या दिवशी एसटीनं उमरेडला जाऊन यायचा. संध्याकाळी टाइम ऑफिस बंद होईस्तोवर माझ्यासाठी थांबायचा, आम्ही चहा प्यायचो, फारसं बोलायचो नाही. कागदावर अठ्ठावन्न भरली म्हणून गिरणीनं त्याला निरोप दिला, तेव्हा तो खरा त्रेपन्नचा होता. हार गळ्यात घालताना साहेबांनी महादेव, महादेव म्हणून चार शब्द सांगितले. तो खाली बघत होता.

मागच्या महिन्यात मी उमरेडला गेलो. अनसूयाबाई थकल्यात. दुखणं मुरलं ते गेलं नाही. चहा पुढं ठेवून म्हणाल्या, “तुमच्यापाशी एक फारम होता ना?” मी काहीतरी जुळवू लागलो, तर त्यांनी हात वर केला. “खणातच आहे, त्याईले मालूम होतं. तुम्ही सुट्टीवर होते, तुमच्या खणातून खात्याची किल्ली घ्यायले हे आले तं दिसला.”

“मग बोलला काहून नाही?”

“म्हणत, बाबूजीले लेकरं आहेत.”

परतीच्या बसमध्ये मी रडलो. सांगायला काय लाज... रिटायर होताना खणातला तो कागद मी घरी आणला होता. आता रोज काढून बघतो. पिवळा पडलाय, अक्षर शाबूत आहे. साक्षीदाराच्या सहीची जागा कोरी होती, तिथं परवा मी सही केली. आता हा फारम कोणत्या खिडकीवर द्यायचा, ते सांगणारा मात्र उरला नाही.