एका चुलीचं घर

सरकारी खर्च-पाहणीच्या कामावर होतो तेव्हा लोक मला हटकून एकच प्रश्न विचारत. गोंदिया शहरात तो हिंदीत यायचा, "हमारा ही नंबर कैसे आया, साब?" आणि खेड्यात, "आमचंच घर काऊन?" मी समजावून सांगायचो, की आधी सगळ्या घरांची यादी करतो, मग आकड्यांच्या तक्त्यावरून त्यातली काही निवडतो, यात कुणाचा वशिला नाही की कुणावर राग नाही. पटायचं कुणालाच नाही. मला मात्र कामाचा नाद लागला होता. दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते विचारायची मुभा आणि वर पगार! माझी आई म्हणायची, तू मूळचाच चोंबडा, सरकारनं फक्त ओळखपत्र दिलं.

आमच्या लेखी घर म्हणजे भिंती नव्हेत. एका चुलीवरचं खाणारी माणसं म्हणजे एक घर. मुर्री गावात मी एकाच छपराखाली तीन घरं लिहिली होती आणि तिन्ही भावांनी माझ्याशी भांडण काढलं होतं.

चिचगडच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात यादी करत होतो. एका अंगणात मुलाचा संसार होता आणि परसात, कुडाच्या आडोशाला एक लहानशी चूल. शेजारी दोन मडकी, एक तवा. चूल म्हाताऱ्या आईची होती; ती तिच्यापाशीच निवांत बसली होती. मुलगा म्हणाला, "बुढी आमच्यातच हाये, साहेब." चूल तर अजून कोमट होती. मी नियमाप्रमाणे दोन घरं लिहिली आणि दारावर खडूनं दोन नंबर टाकले. संध्याकाळी तक्ता लावला, तर नेमका म्हातारीचाच नंबर निघाला.

दोन दिवसांनी प्रश्नावली घेऊन गेलो, तर परसात चूलच नाही. जागा शेणानं सारवून लख्ख केलेली. दुसरा नंबर पुसलेला. झालं होतं असं, की खडूचे नंबर गावानं वाचले होते. आईला वेगळं काढलं म्हणून पानठेल्यावर मुलाची टर उडवली गेली. त्यानं घरी येऊन पहिलं काम केलं ते चूल मोडायचं. "आता पाहा, एकच चूल हाये," तो मला छाती काढून म्हणाला.

मी चरफडलो. निवडलेलं घर मिळालं नाही तर यादीतलं दुसरं घ्यायची सोय आम्हाला असते. ते शेजारीच होतं, अर्ध्या दिवसाचं काम. पण माझा स्वभाव आड आला. ही बाई कोमट चुलीपाशी इतकी समाधानानं का बसली होती, ते मला कळायला हवं होतं. मुलगा बैल सोडायला गेला तसा मी तिच्याजवळ गेलो.

"तुह्या कागदापायी माही चूल गेली, बापू," ती म्हणाली.

"आजी, तुम्हाला वेगळं काढलं होतं ना?"

"मले कोन काढते? मीच निंगाली. त्याइनं मासोळी सोडली. मी कायले सोडू?"

एवढंच होतं. मुलगा-सून कुणाच्या तरी सांगण्यावरून मांस-मच्छी खायचं थांबले होते. म्हातारीला सुके झिंगे लागत, पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, वास्ते लागत, तेही स्वतःच्या हातचे, तिखटजाळ. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. तिला तिच्या मनासारखं शिजवायचं होतं. ते सुख मी एका खडूच्या तुकड्यानं घालवलं होतं. मला फार लाज वाटली.

मग नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. मुलगा आल्यावर चेहरा कडक करून सांगितलं, "यादीत चूल लिहिली आहे. ती दिसल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. मोडली असेल तर का मोडली, ते वर कळवावं लागेल." असा नियम कुठंही नव्हता. मग परसात जाऊन त्यानं तीन दगड मांडले आणि पाय आपटत अंगणात येऊन बसला.

म्हातारीनं काटक्या पेटवल्या, काळा चहा चढवला. मी मांडीवर प्रश्नावली उघडली.

"घरात खाणारी माणसं किती?"

"एक."

मी लिहिलं.

"काय लिवलास?"

"एक, आजी."

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. कुडापलीकडे मुलगा बसलेला दिसत होता. मी मोठ्यानं वाचलं.

चहा उकळला होता. तिनं तो उतरवला नाही.

"आखीन एकदा," ती म्हणाली.