गोष्टी घेतल्या, आई वगळली

सांगलीच्या त्या सभागृहात स्टेजवर चार खुर्च्या होत्या आणि एक घोंगडं. खुर्च्या पाहुण्यांच्या. घोंगडं माझं. पुस्तक मी लिहिलेलं, पण मला घोंगडं.

मी खुर्चीकडं वळले तर सर हसत आडवे आले. सर म्हणजे माझं पुस्तक काढणारे, कॉलेजातून रिटायर झालेले गृहस्थ. दंडाला धरून हळूच म्हणाले, "आजी, तुम्ही खाली. फोटो छान येतो."

बसले. काय करणार? पहिल्या रांगेत माझी लेक मोबाइल धरून उभी, तोंडावर आनंद मावत नव्हता. माझे गुडघे दुखतात, मांडी घालवत नाही. घातली.

आता तुम्ही म्हणाल, धनगराची लेक तू, तुला घोंगड्याची लाज कसली? घोंगड्याची नाही हो. बालपण त्याच्यावरच गेलं. पावसाळा सरला की आम्ही माणदेश सोडायचो. पुढं मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि चालत चालत खाली उसाच्या मुलखात. शाळा कुठली? लेक पहिलीला गेली तेव्हा तिच्या पुस्तकातून मी अक्षरं उचलली. म्हातारपणी लिहायला बसले. आईच्या तोंडच्या गोष्टी लिहिल्या, लांडग्याच्या, बोलणाऱ्या मेंढीच्या. वाटेवरचं जगणंही लिहिलं. दोन्ही एकात एक, कारण आमच्यात गोष्ट वाटेवरच जन्मते.

पाहुण्यांची भाषणं चालली होती. मी पुस्तक उघडलं आणि आईला शोधायला लागले. लांडगा सापडला, मेंढी सापडली. आई नव्हती. परत पहिल्यापासून चाळलं. नव्हती.

काय होतं त्या पानांत, ते सांगते.

फलटणच्या खालच्या अंगाला एका बागायतदारानं रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, बदल्यात मालक जोंधळं देतो. जुनी रीत. त्या दिवशी मालकाकडं पाहुणे आले होते. जेवणं उरकल्यावर मालकाच्या आईनं माझ्या आईला बोलावलं आणि ओसरीखाली उभी करून म्हणाली, पाहुण्यांना गोष्ट सांग.

आमच्यात गोष्टीला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हं' म्हणायचं. तो थांबला की सांगणारा थांबतो. हुंकाराविना सांगितली तर ती गोष्ट नाही, नुसतं बरळणं.

आई सांगू लागली. पाहुणे सुपारी कातरत आपापसात बोलत होते. एकानं आईच्या बोलण्याची नक्कल केली, बाकीचे हसले. 'हं' कुणी म्हणेना. आई थांबली. मी अंगणातून म्हणाले, "हं."

मालकाची आई माझ्यावर खेकसली. "गप गं ए. तुला कुणी इचारलं?" मग आईला म्हणाली, "थांबलीस का? जोंधळं न्यायचं न्हाईत व्हय?"

आईनं पुन्हा सुरू केली. शेवटापर्यंत सांगितली. कुणालाच नाही. ओसरीच्या खांबाला सांगावी तशी. जोंधळं मिळालं. तळावर परत येताना मी विचारलं, का सांगितलीस? ती चालत राहिली. त्यानंतर आईच्या तोंडून मी गोष्ट ऐकली नाही. धाकट्या भावाला मीच सांगायची.

एवढं लिहिलं होतं. एवढंच पुस्तकातून गाळलं.

तेवढ्यात माईक माझ्यापुढं आला. लांडग्याची सांगा म्हणाले. मी सांगितली. समोर नुसते मोबाइल वर धरलेले. सगळे चिडीचूप. कुणी 'हं' म्हणेना. मध्ये थांबले तर सर खुर्चीवरून बोटांनी खूण करायला लागले, पुढं पुढं. मी पुढं गेले. लेक बघत होती ना. मग टाळ्या पडल्या, लय पडल्या. पण टाळी तुम्ही गप झाल्यावर मिळते.

खाली चहा चालला होता तिथं मी सरांना गाठलं. आईची पानं कुठं गेली विचारलं. सर वैतागले नाहीत. लहान पोराला समजावावं तसं बोलले. "लोकांना तुमच्या गोष्टी हव्यात, आजी. गाऱ्हाणी कशाला? आणि ज्यांनी छपाईला मदत केली, तेही तिकडचेच बागायतदार आहेत. त्यांना काय वाटेल?"

आईला काय वाटेल, असं मला म्हणायचं होतं. हातात चहाचा कप होता, तो धरून उभी राहिले.

परवा त्यांचा फोन आला. पाचगणीच्या एका शाळेत कार्यक्रम आहे, घोंगडं घेऊन या म्हणाले. या वेळी मात्र मी बोलले. "आईची पानं घाला. मग येते."

"एवढ्यावर अडून बसायचं असतं का आजी?"

"व्हय."

"बरं. आम्ही दुसरी सोय करतो."

केलीही. लेकीनं व्हिडिओ दाखवला. शाळेतली एक मुलगी, खांद्यावर घोंगडं टाकून, माझा लांडगा सांगत होती. गोड आवाज. तिचा काय दोष? बघत बसले. दुकानांत गेलेली पुस्तकं मी परत आणू शकत नाही. त्या मुलीच्या तोंडून गोष्ट काढून घेऊ शकत नाही. लेक चिडली. "आये, कशाला आडून बसलीस? किती नाव झालं असतं तुझं."

गेल्या त्या गेल्या. पण आईच्या सगळ्या गोष्टी मी लिहिलेल्या नाहीत. लय उरल्यात. त्यातली एकही आता सरांना नाही, शाळेला नाही, कुणालाच नाही. खुर्ची दिली तरी नाही. आधी त्या ओसरीवरचं छापा, मालकाच्या आईच्या शब्दांसकट, पहिल्या पानावर. तोवर तोंड बंद. मी मेले तर माझ्यासोबत जातील.

जाऊ देत.