काचेवरचं स्वस्तिक

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गुरुग्रामच्या शोरूममध्ये एक लाख साठ हजार रुपये जास्त भरून आम्ही गाडीचं वरचं मॉडेल घेतलं. हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि मुलगी. जास्तीचे पैसे एवढ्याचसाठी, की समोर अचानक काही आडवं आलं तर ही गाडी स्वतः ब्रेक लावते. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. अशी गाडी असेल तरच बाबा हायवेवर चालवतील, ही मुलीची अट.

दर संक्रांतीला आम्ही पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातो. इतकी वर्षं दिल्लीकडे काढून तेवढं एक पाळलं आहे, आणि गाडी मीच नेत आलो.

यंदाही निघालो. दाट धुकं होतं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागलेला. गाडी घरी आल्यापासून तो लागायचा. धुक्यामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. सोनीपतच्या पुढे उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे दिवा नाही. गाडी नुसती बीप-बीप करत राहिली, थांबली नाही. ब्रेक मी दाबला, उशिरा. बंपर गेला, माणसं शाबूत. तिथूनच परत फिरलो.

वर्कशॉपमधल्या मेकॅनिकने समजावलं, की बंपरमागचा रडार अंतर मोजतो आणि आरशापुढचा कॅमेरा समोर काय आहे ते ओळखतो. या गाडीत दोघांचं एकमत झालं तरच ब्रेक लागतो. मग त्याने काचेकडे बोट दाखवलं. पूजेच्या दिवशी नव्या रंगावर डाग नको म्हणून बायकोने तुपात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर, वर मधोमध काढलं होतं. ते पुसू नकोस, असं गाडी धुणाऱ्यालाही बजावलं होतं.

"सर, कैमरे की आँख में ही टीका लगा दिया आपने," मेकॅनिक म्हणाला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "रक्षणासाठीच काढलं होतं हो."

मी मुलीला सांगितलं, की काच पुसली, दिवा गेला, आता गाडी ठीक आहे. तिने हात पुढे केला.

"गाडी ठीक आहे, बाबा. पण ट्रॉली तुम्हालाही दिसली नव्हती ना? किल्ली द्या."

दिली.

विम्याने दिले ते सोडून वर्कशॉपला नऊ हजार दोनशे भरले. पुढच्या रविवारी काला अंबला जाऊन आलो, मी मागच्या सीटवर. त्या दिवसाचे पंधराशे रुपये ड्रायव्हरला दिले.