धूर घालवण्याची मोहीम

नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि साऱ्या जगाने मिळून विकासाची आठ उद्दिष्टं ठरवली होती. ती इगतपुरीजवळच्या एका पाड्यावर अमलात आणायचं काम एका सेवाभावी संस्थेतर्फे माझ्याकडे आलं. मी नाशिक रोडच्या सरकारी कॉलनीत वाढलेली; घरचा गॅस पेटवतानाही लायटर चारदा खटखटवणारी. पण दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, खांद्याला संस्थेची झोळी होती आणि साधं पाणी मागतानाही माझा आवाज भाषणाचा निघत होता.

माझ्या वाट्याला निर्धूर चुली आल्या. मातीची चूल आणि कौलांतून वर काढलेलं धुराडं. बायकांचे डोळे वाचणार, लाकूड कमी जळणार, जंगल वाचणार, असं मी घरोघर सांगत सुटले. बायका ऐकून घेत, कोरा चहा देत आणि "बघू" म्हणत. चार फेऱ्या फुकट गेल्या. पाचव्या फेरीला एक मावशी म्हणाल्या, "बसव माझ्याकडं." भातकापणी नुकतीच आटपली होती. त्यांच्या चुलीच्या वर, आढ्याला, पेंढ्यात गुंडाळलेलं एक काळंकुट्ट गाठोडं लोंबत होतं. अहवालाच्या फोटोत ते येऊ नये म्हणून मी कॅमेरा तिरका धरला. ते काय आहे, हे काही विचारलं नाही.

पेरणीच्या तोंडावर मी पाहणीचा फॉर्म घेऊन गेले. मावशी अंगणात सुपात भात पाखडत होत्या. जवळजवळ सगळेच दाणे पोकळ झालेले आणि त्यांच्यातून किडे चालत होते. गाठोड्यात त्यांचं बियाणं होतं. चुलीचा धूर लागला की त्याला कीड धरत नाही, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"थोडा तरी धूर ऱ्हाईल वाटलं," मावशी म्हणाल्या. "तुझी चूल लय गुणाची निघाली."

"आता पेरणार काय?"

"शेजारीण देईल तिचं. पण हे माझ्या आईचं भात व्हतं, वासाचं. ते आता कुणाकडंच नाय."

"मावशी, मग मला तेव्हाच 'नको' का म्हणाला नाहीत?"

"पाच खेपा चालत आलीस. रडकुंडीला आली व्हतीस. म्हटलं, पोरीची नोकरी ऱ्हावी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी त्यांचं भलं करतेय अशा ऐटीत मिरवत होते आणि त्या मात्र माझी कीव करत होत्या. मी फॉर्म झोळीत कोंबायला लागले, तर त्यांनीच हात पुढे केला.

"आण. अंगठा कुठं करू?"

मी 'लाभार्थी समाधानी' हा रकाना दाखवला आणि शाईचं पॅड उघडून त्यांच्यापुढे धरलं.