स्टँडवरचा बाबांचा फोटो

मिठागरात राबणाऱ्या माणसांचं फिरतं प्रदर्शन मांडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिला चेहरा मी माझ्या बाबांचाच घेतला. पेणच्या खाडीकाठी त्यांचा जन्म मीठ ओढण्यात गेला. पण ते फोटोला तयारच होईनात. म्हणाले, "एवढा मोठा फोटो कुणाचा लावतात गो? मेलेल्याचा."

मी हसण्यावारी नेलं आणि फोटो काढलाच. एसटी स्टँडच्या गर्दीत लांबून दिसले पाहिजेत म्हणून चेहरे मोठे, काळेपांढरे, लाकडी चौकटीत आणि लोकांच्या डोक्यावर टांगलेले. स्वतःच्या कामावर मी भलतीच खूश होते. आधी पेणला लावलं. तिथं लोक आपापली माणसं ओळखून एकमेकांची चेष्टा करत होते. मग रोह्याला गेलं, आणि तिथं यांना कोण ओळखणार?

रोह्यातल्या दुसऱ्या दिवशी बाबांचं पनवेलला हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळी स्टँडवर एक चक्कर मारून मी तिकडेच निघणार होते. आत पाय टाकला आणि दारातच थबकले. सगळ्या फोटोंना झेंडूचे हार. बाबांच्या फोटोखाली तर उदबत्तीसुद्धा.

"मीच घातले," कोपऱ्यातल्या फुलवाल्या मावशी म्हणाल्या. "काल दिवसभर बघत होते, कुणी एक फूल वाहिलं नाय. बरं दिसत नाय ते."

"मावशी, जिवंत आहेत हे सगळे."

त्यांनी जीभ चावली. "मला काय म्हाईत गो? असा फोटो बघितला की हात आपसूक जातो."

त्यांच्यावर चिडायचं म्हटलं तरी चिडता येईना. असा फोटो मीच टांगला होता. शकुन-अपशकुनावरून आईला कायम बोलणारी मी, पण स्टुलावर चढून आधी बाबांचाच हार ओढून काढला. आईला फोन लावला. उचलेना. परत लावला. शेवटी ती म्हणाली, "आत नेलंय त्यांना. अजून काय सांगत नाय कुणी." उदबत्ती मी चपलेखाली विझवली, आणि आपण हे काय केलं म्हणून पुन्हा घाबरले. पनवेलपर्यंत बसमध्ये मुठीत चुरगळलेला झेंडू तसाच होता.

बाबा वाचले. मी सगळ्या चौकटी काढून टाकल्या. नवे फोटो माणसाएवढे केले, पुठ्ठ्यावर चिकटवून कापलेले, बाकड्यावर बसलेले, प्रवाशांच्या शेजारी. शेजारी बसलेल्या माणसाला कोण हार घालतं?

प्रदर्शन परत पेणला आलं तेव्हा बाबा बघायला आले. स्वतःच्या फोटोशेजारी टेकले, फोटोतल्या पायांशी आपले पाय जुळवून बघितले. खूश दिसले. मग हळूच म्हणाले, "ती लाकडाची चौकट टाकलीस काय गो?"

"नाही."

"ठेव. पुढं लागंल."

चौकट मी कधीच बंबात घातली होती. "आहे घरी," मी म्हणाले, आणि गाडी लागेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.