विलासची राहिलेली सही

नेहाचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. "काका, बाबा इज गॉन," एवढंच म्हणाली. माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र विलास झोपेतच गेला होता. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा आला तो नोटरी...

विलास स्टॅटिस्टिक्सचा प्रोफेसर. रिटायर झाल्यावर काही सरकारांनी मिळून काढलेल्या एका संघटनेसाठी तो निवडणुकांचा निरीक्षक म्हणून देशोदेशी जायचा आणि इथं घरी, नेपरव्हिलला परतला की आमच्यापुढे फुशारक्या मारायचा. एकदा मात्र एका देशातून गप्प गप्प आला. तिथल्या एका शिक्षिकेनं त्याला मतदान सुरू व्हायच्या आधीच भरलेल्या पेट्या दाखवल्या होत्या. हॉटेलवर येऊन बघतो तर अहवाल तयार! सगळं 'शांततेत आणि शिस्तीत'. संघटनेची रीत अशी, की सही सगळ्यांनी करायची, आक्षेप असेल तर तळटीप द्यायची. या बाबानं तळटीप लिहिली आणि सही ठोकली. छापून आलं तेव्हा टीप गायब, सही जागच्या जागी.

"सरकारांनीच सरकारांना तपासायचं म्हणजे एकमेकांची पाठ थोपटायचा धंदा रे," मी चिडून म्हणालो.

"नुसती पाठ नाही. शेजारच्या दोन देशांनी तिथले निवडणुकीचे नियम जसेच्या तसे उचललेत. वर माझाच अहवाल जोडलाय."

त्या शिक्षिकेला अफवा पसरवल्या म्हणून तुरुंगात टाकलं. पुरावा काय, तर हाच अहवाल. सुटल्यावर ती इथं आली, आश्रय मागितला, तर इथल्या कोर्टातही तोच कागद तिच्या आडवा आला. मग विलासनं खरं काय घडलं ते टाइप केलं. नोटरीसमोर सही तेवढी राहिली होती. त्या शनिवारी तो जॅकेट घालून तयार बसला होता आणि मी म्हणालो, "एवढ्या स्नोमध्ये कशाला मरायला जायचं? पुढच्या शनिवारी जाऊ."

"तुझी फोर-व्हील ड्राइव्ह काय शोभेला ठेवलीय?" म्हणाला. पण ऐकलं माझं. गुरुवारी झोपेतच गेला.

परवा ती बाई नेहाला भेटायला आली. तिची कोर्टाची तारीख जवळ आलीय. "तुम्ही त्यांचे मित्र. तुम्ही सही कराल?" तिनं मला विचारलं. मी कशी करणार? मी तिथं नव्हतोच. तिला परत जाता येत नाही, इथं राहता येईल का माहीत नाही, आणि मला त्या शनिवारातून बाहेर पडता येत नाही.

कागद अजून विलासच्या डायनिंग टेबलावरच आहे, चष्म्याखाली. सही कुठं करायची तिथं त्यानं पेन्सिलीनं छोटी फुली मारून ठेवलीय. पुढची ओळ कोरी आहे.