आत्याच्या यजमानांच्या हिरड्या

माणसाच्या साऱ्या सुखदुःखांचे मूळ हिरड्यांत असते, असे मानणारा माणूस नाशकात एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून काकांची सकाळ गच्चीवर उगवते. कळवणकडून आणवलेली बाभळीची साल, डाळिंबाची वाळलेली साल आणि किंचित लवंग यांची वस्त्रगाळ पूड बोटावर घेऊन ते हिरड्या चोळतात. मग सालीचा काढा तोंडात धरून डोळे मिटतात. समोर धुक्यात केंद्राच्या चिमण्या तरंगत असतात, गच्चीवर काका. त्या अवस्थेत त्यांना केवळ मान हलवता येते, हे हेरून आत्या घरातले अवघड विषय तेव्हाच काढते. नवा फ्रीज असाच मंजूर झाला. मला पाहायला आलेल्या मुलाला तर त्यांनी चहाआधी ओठ वर करायला लावला आणि मला आत येऊन सांगितले, "फिकट आहेत. विचार कर."

गेल्या हिवाळ्यात त्यांचा वरचा पुढचा दात हलू लागला. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, स्पष्ट बोलले. "काका, सालीतल्या टॅनिनमुळे हिरडी आवळल्यासारखी वाटते, हे मान्य. पण मुळाशी साचलेलं किटण चोळून निघत नाही. डेंटिस्टकडे चला."

"सायंटिस्टबाई, तो उपटेल."

"उपटू दे की! एका दाताचं काय एवढं?"

काकांनी जिभेने तो दात चाचपून पाहिला. आत्याच हळू आवाजात म्हणाली, "अगं, त्यांची शीळ जाईल."

बायकोला नावाने हाक मारायची नाही, या रीतीत वाढलेल्या काकांनी लग्नापासून तिला शिळेनेच बोलावले होते. जीभ त्या दाताला टेकवून काढलेली, शेवटी किंचित वर जाणारी ती शीळ भाजीबाजाराच्या गलक्यातही आत्याला नेमकी ऐकू येई. काकांचा सारा खटाटोप त्या शिळेसाठी चालला होता.

दात गेलाच. काका ओठ जुळवत, पण नुसती हवा येई. घर विलक्षण शांत झाले.

मग एका सकाळी, आत्या खाली अंगणात मोगऱ्याला नळीने पाणी घालत असताना, काका गच्चीच्या कठड्याशी आले. त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि फटीतून निसटणाऱ्या वाऱ्यासकट म्हणाले, "मालती."

आत्याचा हात थांबला. तिने वर पाहिले नाही.

"कोणाला बोलावताय?"

"तुलाच की!"

"ऐकू नाही आलं नीट."

काकांनी घसा खाकरला आणि पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने. मोगऱ्याचे आळे भरून पाणी वाटेवर वाहू लागले. आत्या तशीच ओणवी उभी राहिली.